बाईंचं देणं

माझ्या नावावर जे काही थोडंफार संशोधन आहे, त्याचा पाया साताऱ्यातल्या एका घराच्या पडवीत घातला गेला. पडवीत एक लांब टेबल होतं. त्यावर भिंग, दाढीच्या ब्लेडचा अर्धा तुकडा, डोळ्यांच्या औषधाच्या धुऊन घेतलेल्या दोन बाटल्या, आणि वर्तमानपत्राच्या कागदाच्या घड्या घालून केलेली पाकिटं. टेबलावर मावत नसत म्हणून खालच्या खोक्यांतही पाकिटंच. टेबलाशी बाई बसलेल्या असत. त्या वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, मी सूक्ष्मजीवशास्त्रात नुकतीच पीएच.डी.ला लागलेली. कॉलेजात हे दोन विभाग वरखालच्या मजल्यांवर होते आणि गॅदरिंगची वर्गणी सोडली तर त्यांचा एकमेकांशी काही व्यवहार नव्हता. आमची गाठ घालून दिली ती दगडफुलाने, आणि प्रयोगशाळेतल्या मामांनी.

त्या काळी आमच्या विषयात एका कल्पनेची हवा होती. जिवाणू एकमेकांशी बोलतात, ही ती कल्पना. बोलतात म्हणजे प्रत्येक जण आपल्या अंगातून एक छोटा रेणू बाहेर सोडत राहतो. आजूबाजूला भाऊबंद कमी असले तर तो रेणू विरून जातो. गर्दी झाली की त्याचं प्रमाण वाढतं, एका हद्दीपुढे गेलं की आपण पुरेसे जमलोय हे सगळ्यांना एकदमच कळतं, आणि एकट्यादुकट्याने करण्यात अर्थ नसलेली कामं मग सगळे मिळून सुरू करतात. १९७० साली अमेरिकेत नीलसन, प्लॅट आणि हेस्टिंग्ज यांनी समुद्रातल्या प्रकाशणाऱ्या जिवाणूंच्या बाबतीत हे दाखवलं. विरळ असताना अंधार, दाटी झाली की उजेड. १९९४ साली या प्रकाराला सभेच्या गणपूर्तीवरून कोरम सेन्सिंग असं नाव पडलं.

समुद्रातला उजेड ही गंमत झाली. इस्पितळात हेच जिवावर बेततं. स्यूडोमोनास एरुजिनोसा हा जिवाणू भाजलेल्या जखमांवर, कॅथेटरच्या नळीवर बसतो. संख्या पुरेशी झाली की विषारी द्रव्यं सोडायला लागतो, स्वतःभोवती चिकट थर उभारतो, आणि त्या बायोफिल्मच्या आत गेला की अँटिबायोटिकला दाद देईनासा होतो. मारायला जावं तर वाचतात ते आणखी चिवट निघतात. मग मारण्याऐवजी त्यांचं बोलणंच तोडलं तर? ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर डेलिसिया पल्क्रा नावाचं एक लाल समुद्रशैवाल आहे. त्यातली फ्युरॅनोन जातीची रसायनं जिवाणूंचे हे निरोप अडवतात, असं १९९०च्या दशकात दिसलं आणि जगभरच्या प्रयोगशाळा आपापल्या परिसरातल्या झाडापाल्याकडे नव्या नजरेने बघू लागल्या.

माझ्या मार्गदर्शकांनी माझ्यासाठी मसाल्यातलं दगडफूल निवडलं. निवड चांगली होती. दगडफूल हे लायकेन, म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचं एकत्र बिऱ्हाड. शैवालाने उन्हावर अन्न करायचं, बुरशीने घर बांधायचं. हे बिऱ्हाड दगडावर किंवा झाडाच्या सालीवर वर्षाला काही मिलिमीटर एवढ्याच गतीने वाढतं. इतक्या सावकाश वाढणाऱ्याला दशकानुदशकं एकाच जागी ऊन, पाऊस, किडे, बुरश्या, जिवाणू सोसायचे असतात. लायकेनमधली बुरशी हजाराच्या वर निरनिराळी रसायनं तयार करते, आणि त्यातली बहुतेक दुसऱ्या कुठल्याही सजीवात सापडत नाहीत. शोधायला जागा मोठी होती.

किराणा दुकानातून दगडफुलाचा पुडा आणून मी तो टेबलावर ओतला, तेव्हा मामा शेजारी पेट्री डिश धूत होते. मामा म्हणजे आमचे लॅब अटेंडंट. आयुष्याचा पूर्वार्ध त्यांनी खालच्या मजल्यावर वनस्पतिशास्त्रात काढलेला, बाईंच्या सहलींत खांद्यावर पिशव्या वाहिलेल्या. हात पुसत ते आले, ढिगात बोट फिरवलं आणि म्हणाले, "ताई, ह्ये एका जातीचं न्हाय. आदी बाईस्नी दावा."

माझं पहिलं ऋण या वाक्याचं. मामांचं शिक्षण सातवीपर्यंतचं. मार्गदर्शक समितीत कुणी विचारला नसता असा मुद्दा त्यांनी डिश धुता धुता मांडला.

बाईंनी पुडा पांढऱ्या कागदावर पसरला. आधी पाइनच्या सुया, सालीचे तुकडे, काड्या बाजूला काढल्या. "हा कचरा. उकळलास तर याचाही अर्क निघेल, चांगला तांबूस." मग उरलेल्यातून एकेक पाकळी उचलून भिंगाखाली धरत त्या ढीग करू लागल्या. रुंद, करड्या पाकळ्या, मधल्या भागावर बारीक दाणे उठलेले, कडेला केस नाहीत. त्या एका ढिगात. तशाच रुंद, पण पृष्ठभागावर पांढुरक्या रेषांचं जाळं, ते जागोजाग तडकलेलं, कडेला भुकटी आणि काळे केस. त्या दुसऱ्यात. तिसऱ्यात अरुंद, पन्हळीसारख्या वळलेल्या पट्ट्या, दोन्ही कडांना लांब काळ्या पापण्या. "ही हिमालयातली. इथली नव्हेच." मग ब्लेडच्या तुकड्याने पहिल्या पाकळीची वरची साल किंचित खरवडून आतला पांढरा गाभा उघडा केला आणि त्यावर एका बाटलीतला थेंब सोडला. बाटलीत घरातलंच ब्लीच होतं. गाभा क्षणात लालभडक झाला आणि बघता बघता तो रंग उतरलाही. दुसऱ्या ढिगातल्या पाकळीवर ब्लीचने काही होईना. तिथे त्यांनी दुसऱ्या बाटलीतलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड लावलं. आधी पिवळं, मग हळूहळू रक्तासारखं तांबडं.

"पहिलं पार्मोट्रेमा टिंक्टोरम. ब्लीचने लाल झालं ते त्यातलं लेकॅनोरिक आम्ल. दुसरं पार्मोट्रेमा रेटिक्युलेटम, त्यात सॅलाझिनिक आम्ल. तिसरं एव्हर्नियास्ट्रम, त्यातही सॅलाझिनिक. आणि हा सगळा एकाच पोत्यातला माल. अगं, पोतं हे काही जातीचं नाव नव्हे. आता सांग, तुझा अर्क कुणाचा?"

या चाचण्या १८६६ साली विल्यम निलँडर या पॅरिसमध्ये राहणाऱ्या फिनिश शास्त्रज्ञाने रूढ केल्या. पुढच्याच वर्षी स्वित्झर्लंडच्या सायमन श्वेंडेनरने लायकेन हा एक जीव नसून बुरशी आणि शैवाल यांची जोडी आहे असं जाहीर केलं, आणि निलँडरने त्याला आयुष्यभर कडाडून विरोध केला. बाईंना ही हकिकत फार आवडायची. "त्याला लायकेन म्हणजे काय हे शेवटपर्यंत पटलं नाही, पण लायकेन ओळखायचं कसं हे त्यानेच शिकवलं. मोठ्या माणसाचं सगळंच उचलायचं नसतं आणि सगळंच टाकायचंही नसतं," असं म्हणून त्या पुढचं पाकीट उघडायच्या.

त्यानंतर मी दर सुट्टीला पडवीत जायला लागले. बाईंनी मला पाकीट करायला शिकवलं. कागद असा दुमडायचा की कण सांडता कामा नये. वर तारीख, ठिकाण, झाडाचं नाव, किती उंचीवर, खोडाच्या कुठल्या अंगाला. प्लॅस्टिकची पिशवी वर्ज्य, कारण आत दमट राहून बुरा चढतो. महाबळेश्वरला पावसाळ्यानंतर जायचं आणि जांभूळ, हिरडा, पिसा, अंजन यांच्या वाऱ्याने मोडून पडलेल्या फांद्यांवरचंच घ्यायचं, उभ्या झाडाला हात लावायचा नाही, हा त्यांचा शिरस्ता. त्यात भावुकपणा कमी आणि हिशोब जास्त होता. तळहाताएवढ्या दगडफुलाला कित्येक वर्षं लागलेली असतात, आणि ओळख पटवायला नखाएवढा तुकडा पुरतो. लायकेनची आम्लं बुरशीच्या तंतूंच्या बाहेरच्या बाजूला स्फटिक होऊन बसतात. पाण्यात ती फारशी विरघळत नाहीत, ॲसिटोनमध्ये पटकन उतरतात. लायकेन कोरडं असेल तर ॲसिटोनच्या या अंघोळीनंतरही जिवंत राहतं. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बाईंकडे बघतच राहिले. त्या म्हणाल्या, "मग? तुला काय वाटलं, घ्यायचं म्हणजे मारूनच घ्यायचं?"

माल कुठून येतो हे बघायला मी पुण्याच्या मार्केट यार्डातही गेले. तिथल्या भुसार बाजारातल्या एका व्यापाऱ्यांनी गोदामात नेऊन पोती उघडून दाखवली. उत्तराखंडकडचा माल वेगळा, दक्षिणेतल्या घाटांतला वेगळा. हाताने चुरगाळून, वास घेऊन ते प्रत सांगत. शास्त्रीय नावांशी त्यांना घेणंदेणं नव्हतं, पण दोन पोत्यांतला फरक त्यांच्या नाकाला माझ्या भिंगाआधी कळत होता. प्रत्येक पोत्यातली मूठभर पुडीत बांधून, वर पेन्सिलीने मुलखाचं नाव लिहून दिलं. पैसे काढले तर हात जोडून म्हणाले, "ताई, शिकायच्या कामाला कसले पैसे?" ज्यांनी डोंगरात झाडांवरून हे खरवडून गोळा केलं ती माणसं तर मला कधी दिसलीच नाहीत. त्यांचंही देणं या यादीत धरते.

आता हे अर्क ज्यावर तपासायचे त्या प्लेटबद्दल. जिवाणूंचं बोलणं तुटलं की नाही हे डोळ्यांनी दाखवणारी एक सोय आहे. क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलेसियम नावाचा जिवाणू गर्दी झाली की जांभळा रंग तयार करतो. त्याचा एक बदललेला वाण आहे, ज्याला निरोपाचा रेणू स्वतः बनवता येत नाही. बाहेरून दिला तर ऐकतो आणि जांभळा होतो, न दिला तर दुधी पांढराच राहतो. प्लेटभर तो पसरायचा, निरोपाचा रेणू द्यायचा, मधे लायकेनच्या अर्काची कागदी चकती ठेवायची आणि अठ्ठावीस-तीस अंश तापमानात रात्रभर उबवायचं. सकाळी सगळी प्लेट गडद जांभळी, आणि अर्कात दम असेल तर चकतीभोवती बिनरंगाचं वर्तुळ.

ते वर्तुळ पहिल्यांदा उठलं तेव्हा विभागात पेढे वाटण्याच्या गोष्टी सुरू झाल्या. मामा मात्र बाईंना रिक्षाने घेऊन आले. बाईंनी प्लेट खिडकीशी धरली, झाकण न उघडता तिरपी केली, भिंग लावलं. चकतीला लागून एक अरुंद कडं होतं, काचेसारखं स्वच्छ, पलीकडची खिडकीची चौकट दिसावी इतकं. त्याच्या बाहेर रुंद पट्टा, तोही बिनरंगाचाच, पण दुधट, चौकट धूसर करणारा. "ही दोन वर्तुळं आहेत," बाई म्हणाल्या. "आतल्यात कुणी उरलेलंच नाही. बाहेरच्यात सगळे आहेत, रंग तेवढा नाही." आणि मग, प्लेट खाली ठेवता ठेवता, "पण हे गप्प बसलेत की अर्धमेले झालेत, हे कसं ठरवणार तू?"

जिवाणूशास्त्राचा एकही पेपर न दिलेल्या बाईंनी विचारलेला हा प्रश्न माझ्या पुढच्या सगळ्या कामाचा कणा झाला. अशक्त झालेला जिवाणूही रंग कमी बनवतो. तेव्हा आधी अशी मात्रा शोधायची, की जिच्यात त्याची वाढ अर्क न दिलेल्या जिवाणूइतकीच होते. तासातासाने वाढ मोजायची, जिवंत पेशी मोजायच्या, नुसत्या ॲसिटोनचीही चकती ठेवून बघायची. मग त्या मात्रेत रंग वेगळा काढून ५८५ नॅनोमीटरवर मोजायचा. वाढ तशीच आणि रंग कमी, हे दोन्ही जमलं तरच बोलणं तुटलं असं म्हणायचं. मामांनी त्या काळात ओतलेल्या माध्यमाच्या बाटल्यांचा हिशोब कुणी ठेवला नाही. या चाळणीतून बहुतेक अर्क गळाले. जे उरले त्यांचा परिणाम माफक होता, पण खरा होता.

आमच्या आधी याच वाटेवर गेलेल्यांना काय दिसलं होतं, ते या प्रश्नामुळेच मला नीट वाचता आलं. रोम आणि मोंटाना इथल्या शास्त्रज्ञांनी २००४ साली अस्निक आम्ल हे लायकेनमधलं पिवळं द्रव्य पॉलियुरेथेनच्या पृष्ठभागात भरून पाहिलं. त्यावर बसायला आलेला स्टॅफिलोकॉकस ऑरियस मेला. स्यूडोमोनास मेला नाही, त्याने थर बांधलाच, पण त्या थराची घडण बदलली, आणि आम्ल त्याच्या निरोपांत ढवळाढवळ करत असावं अशी शंका त्यांनी मांडली. म्हणजे एकच द्रव्य एकाला मारतं, दुसऱ्याला नुसतं बिघडवतं. स्वच्छ कडं आणि दुधट पट्टा यांचीच ही गोष्ट.

२०१६ साली इस्तंबूलहून एव्हर्निक आम्लावरचा निबंध आला. युरोपातल्या ओकच्या झाडांवर वाढणाऱ्या, अत्तरवाल्यांच्या आवडत्या एव्हर्निया प्रुनास्ट्री या लायकेनमधलं हे आम्ल स्यूडोमोनासची निरोपव्यवस्था दाबतं, असं त्यांना दिसलं होतं. मी निबंध घेऊन पडवीत गेले. बाईंची नजर तोवर अधू झालेली. मी वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "आता बघ, कुणीतरी आपल्या हिमालयातल्या एव्हर्नियास्ट्रममध्ये हे आम्ल शोधायला निघेल. नाव जवळचं म्हणून रसायन जवळचं नसतं. त्यात सॅलाझिनिक आहे, तुला पहिल्याच दिवशी दाखवलंय." मग थोड्या थांबून, "रसायनाने जवळचं म्हणशील तर आपलं टिंक्टोरम." खरंच तसं आहे. लेकॅनोरिक आम्लाला एका ठरावीक जागी एक मिथाइल गट जोडला की एव्हर्निक आम्ल होतं. एवढ्याशा फरकाने ब्लीचची लाल खूण मात्र नाहीशी होते. इतक्या बारीक अंतरावर जिथे गुण बदलतात, तिथे पोत्यावरच्या नावावर काम कसं चालावं?

या सगळ्यातून औषध निघालं का, असं नातेवाईक विचारतात. नाही निघालं. जिवाणूंचं बोलणं तोडणारं म्हणून एकही लायकेन-द्रव्य अजून दवाखान्यात पोचलेलं नाही. अडचणी खऱ्या आहेत. या मार्गाने गेलं तर जिवाणूंना प्रतिकार शिकायचं कारणच उरणार नाही, अशी सुरुवातीला आशा होती. तीही २०१२च्या सुमारास डळमळली, कारण फ्युरॅनोन बाहेर उपसून टाकायला शिकलेले स्यूडोमोनास सापडले. अस्निक आम्ल घातलेल्या वजन घटवण्याच्या गोळ्यांनी लोकांची यकृतं बिघडली, आणि २००१ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाला इशारा द्यावा लागला. मी हे सांगितलं तेव्हा बाईंनी आश्चर्य दाखवलं नाही. मसाल्यात चिमूटभर घालतात ते वाटीभर खायचं नसतं, हे कुणालाही कळायला हवं, एवढंच म्हणाल्या. आणि लायकेनच्या अंगावर स्वतःचे असे कितीतरी जिवाणू सुखाने नांदत असतात, तेव्हा ही आम्लं नेमकी कुणाविरुद्ध आहेत आणि कुणासाठी आहेत, हा प्रश्न आमच्याकडे अजून उघडाच पडला आहे. उन्हापासूनचं संरक्षण हेही त्यांचं एक काम आहेच.

बाई गेल्या त्याला आता बराच काळ झाला. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत आजरेकरांच्या नावाचा बुरशी आणि लायकेनांचा संग्रह आहे, लखनौला राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेतही मोठा संग्रह आहे. बाईंची पाकिटं अशाच एका संग्रहात लागली. तिथे त्यांना क्रमांक मिळाले, आणि आजचा कुणीही संशोधक त्यांतल्या तुकड्यावर ॲसिटोन घालून तीच आम्लं पुन्हा काढू शकतो. ती इतक्या वर्षांनीही निघतात. मामा निवृत्त होऊन गावी असतात. गणपतीत फोन करतात आणि आटोक्लेव्ह नीट चालतो का ते आधी विचारतात.

बाईंच्या ऋणातून उतराई होण्याची भाषा त्यांनाच चालली नसती. कौतुक सुरू झालं की त्या चहा टाकायला आत जायच्या. म्हणून मी एकच नियम केला आहे. माझ्याकडे येणाऱ्या मुलाने किंवा मुलीने आधी पाकीट करायचं, त्यावर झाड, जागा, उंची लिहायची, ब्लीच आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून नाव पक्कं करायचं, नमुना संग्रहात जमा करून क्रमांक आणायचा, आणि मगच जांभळ्या प्लेटला हात लावायचा. यात सहज एक सत्र जातं. मुलं कुरकुरतात, की मॅडम, शेजारच्या लॅबमधल्यांचे तर दोन पेपरही झाले. होऊ देत. त्यांच्या अर्काला अजून नाव नाही.